अक्काचं तिकडचं घर

दोंडाईच्याहून सुशीलावहिनींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. सुशीलावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या घरमालकीण. बहिणीचं नाव विमल, पण सख्ख्या भावापासून तालुक्याच्या आरोग्य खात्यापर्यंत सगळे तिला अक्काच म्हणायचे. एरवी वहिनी फोनवर सुरू झाल्या की थांबत नाहीत. त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "नाना, अक्का उठी नही ऱ्हायनी. तुम्ही लवकर या." मी मुलाच्या, योगेशच्या, मोटरसायकलवर मागे बसलो आणि निघालो. दोंडाईच्याला पोचल्यावर वहिनींच्या यजमानांनी माझ्या हातात एक ओला नॅपकिन दिला. मला कळेना कशाला. त्यांनी स्वतःच्या गालावर बोट ठेवून दाखवलं, तेव्हा लक्षात आलं की एका गालावरचा साबण तसाच वाळून गेला होता. तो पुसता पुसता मला रडू फुटलं. अक्का असती तर म्हणाली असती, मास्तर झाला तरी याला अजून तोंड धुवायला सांगावं लागतं.

ती झोपेतच गेली होती. डॉक्टर हृदयाचं काहीतरी म्हणाले. खोलीत एक कॉट, एक गॅसची शेगडी, रक्तदाब मोजायचं जुनं यंत्र, आणि दोरीवर वाळत घातलेलं एक रंगीबेरंगी आफ्रिकी कापड. पासष्ट वर्षांच्या बाईचा संसार एवढाच. दुपारी तिला गावी आणलं. नरडाण्याजवळच्या आमच्या गावात, वडिलांनी बांधलेल्या घराच्या ओट्यावर तिला ठेवलं. त्या घरात ती गेली तीन वर्षं एकदाही मुक्कामाला राहिली नव्हती. यायची, जेवायची, संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. का राहत नव्हती, हे गावातल्या बहुतेकांना ठाऊक आहे आणि कोणी तोंडावर बोलत नाही. म्हणून मीच लिहायला बसलो आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं म्हणतात. अक्काबद्दल चांगलं लिहिणं अवघड नाही. अवघड आहे ते माझ्याबद्दल.

अक्काचं लग्न अठराव्या वर्षी झालं आणि विसाव्या वर्षी मोडलं. नवऱ्यानं दुसरी बायको आणली, आणि हिला सांगितलं की तूही रहा, घर मोठं आहे. ती एका पिशवीत कपडे भरून एसटीनं घरी आली. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. मला त्या पिशवीचा राग आला होता हे आठवतं... आता लोक काय म्हणतील, एवढंच डोक्यात. आमचे आबा, म्हणजे वडील, शेतातून आले, ओट्यावर तिच्याशेजारी बसले, पायातलं काढलं नाही, आणि म्हणाले, "रडत बसानं नही. शिकानं." महिन्याभरात ती धुळ्याला नर्सिंगच्या कोर्सला गेली. गावात तिच्यामागे 'माहेरात बसलेली' हा शब्द लागला तो लागलाच. बसलेली म्हणे. त्या बाईला मी आयुष्यात कधी दहा मिनिटं सलग बसलेलं पाहिलं नाही.

पुढची पस्तीसेक वर्षं तिनं आरोग्य उपकेंद्रांत काढली. आज या गावी, उद्या त्या गावी बदली. शिंदखेडा तालुक्यातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली असतील. अजूनही बाजारात एखादा मिशीवाला माणूस मला अडवतो आणि म्हणतो, नाना, मी अक्काचा. सुटीत ती घरी यायची तेव्हा मागच्या खोलीत उतरायची. आबांनी ती खोली तिच्यासाठीच काढली होती. गोठ्याकडे तोंड, एक खिडकी, भिंतीत दोन कोनाडे. आबा गेले, मग आई गेली, तरी ती 'अक्काची खोली' राहिली. आमची मुलगी वैशाली लहानपणी रुसली की त्या खोलीत जाऊन कडी लावायची, कारण तिथं आम्ही कोणी तिला रागवायला जात नव्हतो. निवृत्त झाल्यावर अक्का सामान घेऊन तिथं आली. मला वाटलं, चला, आता थांबली.

वर्षभरात तिनं मला सांगितलं की ती आफ्रिकेला चालली आहे. धुळ्याच्या एका डॉक्टरांच्या ओळखीची संस्था निवृत्त नर्सेसना मलावी नावाच्या देशात पाठवत होती. पगार नाही, फक्त राहणं-खाणं. मी हायस्कूलात इंग्रजी शिकवण्यात उभी हयात घालवली, भूगोलाचे तासही घेतले, तरी मलावी नकाशात शोधावा लागला. मी तिला खूप बोललो. रक्तदाब आहे, वय झालं, इंग्रजी धड येत नाही, आणि फुकट राबायचं तर आपल्याकडे काय आजारी माणसं कमी आहेत? ती शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आठे मी काय करसू? वटावर बशीसन तुन्या शेंगा सोलू का?" माझी बायको सुमन म्हणाली, जाऊ द्या त्यांना. मग मी विरोध सोडला, पण सोडताना एक गोष्ट मनात आली, आणि ती मी करून घेतली.

आबांच्या मागे सातबाऱ्यावर माझ्याबरोबर अक्काचंही नाव होतं. तिच्या वाट्याला विहिरीकडची साडेतीन एकर आणि घरातला हिस्सा यायचा. आमच्याकडे बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही द्यायची रीत आहे. भाऊ साडीचोळी करतो, पुरणपोळीचं जेवण घालतो, बहीण सही करते आणि सगळे म्हणतात, पाहा कसं गोडीगुलाबीनं झालं. न देणाऱ्या बहिणीचं माहेर तुटतं. अक्काची सही राहून गेली होती, कारण आई होती तोवर मला मागायची हिंमत नव्हती. आता मी म्हणालो, परदेशात काही कमीजास्त झालं तर कागदांचे फार हाल होतील, जाण्याआधी तेवढं करून जा. म्हणताना मला ते खरंच काळजीचं वाटत होतं. माणूस स्वतःशी किती सहज खोटं बोलतो, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. तिनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "कोठे सही करू ते दखाड."

निबंधकांच्या कचेरीत साहेबांनी तिला विचारलं, स्वखुशीनं करताय ना? ती म्हणाली, हो. बाहेर आल्यावर मी तिला मोरपंखी साडी दिली. तिनं घडी उलगडून पदर पाहिला, बोटांत कापड चोळून पाहिलं आणि हसत म्हणाली, "इतली जमीन दिधी, साडी जराशी भारी लेवानी व्हती, रम्या." रम्या मला ती एकटीच म्हणायची. मीही हसलो. आम्ही दोघांनी समोरच्या हॉटेलात शेवभाजी खाल्ली. तिच्या विमानाला तेव्हा अठरा दिवस होते.

तिकडचं सगळं मला तिच्या रविवारच्या फोनवरून कळायचं. गावात एका आंब्याच्या झाडाखालीच नेटवर्क यायचं, त्यामुळे बोलताना मागे कोंबड्या, बायका, पोरं सगळ्यांचे आवाज असायचे. मोठ्या तळ्यापासून सायकलीनं तासाभरावरचं गाव. मातीच्या विटांची घरं, वर गवत. शेतात मका, कापूस आणि तूर. हो, तूर. अक्काला त्याचं एवढं अप्रूप की पहिल्या फोनवर तिनं आरोग्यकेंद्राबद्दल काही न सांगता तुरीबद्दलच सांगितलं. आपल्याच वाणासारखी, पण तिथं ती अख्खी उकडून खातात, डाळ करायची पद्धत नाही. पहिले दोन महिने ती रडली. हे तिनं मला सांगितलं नाही, सुमनला सांगितलं. भाषा येईना, मक्याच्या पांढऱ्या पिठाचा घट्ट गोळा घशाखाली उतरेना, आणि केंद्रात तिला नेमकं काय करायचं ते कोणी सांगेना. सगळे आदरानं खुर्ची द्यायचे आणि बसवून ठेवायचे. अक्काला बसवून ठेवणं म्हणजे शिक्षाच.

मग तिनं स्वतःहून गरोदर बायकांची बैठक बोलावली. केंद्रातली एलिनाती नावाची चाळिशीची आरोग्यसेविका दुभाषी झाली. तिला इंग्रजी छान येत होतं, आणि अक्काचं मोडकं इंग्रजी समजून घ्यायची चिकाटीही होती. अक्कानं आयुष्यभर आपल्याकडे जे सांगितलं तेच तिथं सांगायला सुरुवात केली. पहिलटकरणीनं सातव्या महिन्यात माहेरी जावं. सासरी आराम मिळत नाही, खायला मागायला संकोच वाटतो, सासूला हे समजावून सांगा, नवऱ्याला तयार करा. अर्धा तास ती जीव तोडून बोलली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी एका म्हातारीनं विचारलं, या आजी पोरींना कुठे जायला सांगत आहेत? एलिनातीनं समजावलं, आईच्या घरी. त्यावर जे हसू फुटलं ते थांबेना. कारण त्या गावात प्रत्येक बाई आईच्याच घरी होती. तिथं मुली लग्न करून जात नाहीत. जावई येतात. जमीन आईकडून मुलीकडे जाते, घर मुलीचं असतं, आणि सासूची कामं करता करता जावयाच्या नाकीनऊ येतात. अक्का ते सांगताना फोनवर इतकी हसत होती की मला अर्धं कळलं नाही. "आठे बठ्ठ्या बाया माहेरलेच ऱ्हातस, रम्या. सासरले जातस ते जवाई." मग म्हणाली, "माहेरात बसेल बाईनं आठे कोनलेच नवल नही." मी काहीतरी बोलून विषय बदलला.

त्या फजितीनंतर मात्र बायका तिच्याकडे यायला लागल्या. जिनं आपल्याला एवढं हसवलं ती म्हातारी पाहायला, असं एलिनाती म्हणायची. अक्का त्यांची भाषा शिकली. केंद्रापासून लांबच्या वस्त्यांवर चालत जायची, झाडाला काटा टांगून पोरं तोलायची. दिवस भरत आलेल्या बाईला सायकलच्या मागे बांधलेल्या खाटेवरून केंद्रात आणायचे, तेव्हा ही सायकलीबरोबर चालायची. तिला हिवताप दोनदा झाला. तुरीची डाळ करायला तिनं दोन सपाट दगड शोधले, भिजवून वाळवून तूर भरडली आणि आपल्याकडचे फुणके, म्हणजे डाळीचे तिखट मुटके, वाफवले. मिरच्या जास्त झाल्या, बायकांनी पाणी पीत पीत खाल्ले, आणि दुसऱ्या आठवड्यात तीन घरांत फुणके झाले. ते ऐकून सुमननं त्या दिवशी आमच्याकडेही फुणके केले. दोन वर्षांसाठी गेलेली अक्का तिथं तीन वर्षं राहिली.

तिला केंद्रामागचं क्वार्टर दिलेलं होतं. एका वादळात त्याचे पत्रे उडाले. डागडुजीला वेळ लागणार होता. तेव्हा गावच्या बायकांनी तिला विचारलं, तुझं घर कुठं आहे? तिनं क्वार्टर दाखवलं. त्या म्हणाल्या, ते सरकारचं. तुझं कुठं आहे? एवढ्या वयाची बाई आणि तिला घर नाही, हे त्यांच्या पचनी पडेना. मग त्यांनीच ठरवलं. पुरुषांनी विटा पाडल्या, बायकांनी पाणी आणि गवत वाहिलं, त्या नेटवर्कच्या आंब्यालगत, एलिनातीच्या आईच्या घराशेजारी दोन खोल्यांचं घर उभं राहिलं. अक्कानं फोन फिरवून फिरवून मला ते दाखवलं. आतून शेणानं सारवलेलं, दाराला निळा रंग. "मनं घर," ती म्हणाली. मला आठवतंय, मी कौतुक केलं, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ ओट्यावर नुसता बसून राहिलो. कारण त्याच आठवड्यात आम्ही तिची मागची खोली मोकळी केली होती.

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. आमच्याकडे भाव नसला की कापूस विकत नाहीत, घरात भरतात आणि वाट पाहतात. पुढची खोली भरली, जिन्याखाली भरला. योगेश म्हणाला, मागची खोली रिकामीच आहे. मी म्हणालो, भर. तिची कॉट आणि ट्रंक गोठ्यावरच्या माळ्यावर ठेवली. दोन महिन्यांचा प्रश्न होता. पण कापूस निघाला की तिथं खताच्या गोण्या आल्या, मग पुढच्या हंगामाचा कापूस. कागदावर ती खोली माझीच होती, त्यामुळे विचारायचं कोणाला हा प्रश्नच आला नाही. तोच तर त्या कागदाचा उपयोग.

अक्का परत आली तेव्हा मी तिला सांगायचं टाळत राहिलो. स्टेशनवर नाही, वाटेत नाही, चहा पितानाही नाही. ती बॅग उचलून मागे गेली आणि दार उघडलं. छतापर्यंत कापूस. दारातून थोडा तिच्या पायांवर घरंगळला. मी मागून म्हणालो, आठ दिवसांत काढतो. ती वाकली, पायांवरचा कापूस उचलून परत आत ठेवला, दार लोटलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्याले तरी जागा शे." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो आणि भांडण मिटलं असतं. तिनं पंधरा दिवस पुढच्या पडवीत काढले, कापसानं अंगाला सुटलेली खाज खाजवत. मग एके दिवशी सांगितलं, "माले दोंडाईचाले खोली भेटनी." मी अडवलं. सुमन रडली. वैशाली धुळ्याहून फोन करून माझ्याशी भांडली. अक्का गेली.

दोंडाईच्यात तिनं पुन्हा तेच सुरू केलं, बायकांचा रक्तदाब पाहणं, पोरांची वजनं. रविवारी आमच्याकडे यायची. एक नवीन सवय तिला लागली होती. तिकडे कुणाच्या घरी गेलं की दाराबाहेर उभं राहून 'ओडी' म्हणायचं, आणि आतून 'ओडीनी' आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. अक्का आमच्या दाराशी उभी राहून 'ओडी' म्हणायची. आम्हाला आधी गंमत वाटली. योगेशची लेक पळत जाऊन ओडीनी म्हणायची. एकदा घरात कोणी नव्हतं, मी मागे गोठ्यात होतो. येऊन पाहतो तर अक्का उन्हात दाराबाहेर उभी. दार सताड उघडं. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी म्हणालो, अक्का, आपल्या घरात यायला काय विचारायचं? तिनं चपला काढल्या आणि आत आली. त्यानंतर मला त्या शब्दाची गंमत वाटली नाही. मी अनेकदा ठरवलं की खोली रिकामी करावी, कॉट खाली आणावी आणि म्हणावं, चल. दर वर्षी अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, तोवर करू असं म्हणायचो. दर वर्षी कापसाचा भाव आड यायचा. तीन अखाज्या गेल्या... एक तरी रिकामी खोली तिला दाखवायची होती. तेवढं माझ्याच्यानं झालं नाही.

तिच्या दहाव्याला एलिनातीचा व्हिडिओ फोन आला. मी शिक्षकाच्या इंग्रजीत बोललो, ती हळू आणि स्वच्छ बोलली. आम्ही बातमी कळवली त्या दिवशी गावानं काम थांबवलं होतं. दहाव्याच्या दिवशीही कोणी शेतावर गेलं नव्हतं. तिनं फोन फिरवला तर अक्काच्या त्या निळ्या दाराच्या घरासमोर चटयांवर शंभरेक बायका बसलेल्या, पुरुष मागे, आणि खुर्चीवर गावची प्रमुख, एक वाळलेली म्हातारी. एलिनाती म्हणाली, "आमच्याकडे बाईचा भाऊ तिचा न्खोस्वे असतो. तिच्या बाजूनं बोलतो, तिच्यामागे उभा राहतो. आगोगो अक्कांचे न्खोस्वे तुम्ही. म्हणून तुम्हाला विचारायचं आहे." आगोगो म्हणजे आजी. मी म्हणालो, विचारा. ती म्हणाली, "हे घर त्यांचं आहे. ते केंद्राचं नाही, प्रमुखांचंही नाही. त्या इथून परत गेल्यापासून आम्ही ते सारवतो, पण कोणी राहत नाही. आता ते कुणाचं? त्यांना मुलगी नाही, बहीण नाही. तुमच्या मुलीबद्दल त्या बोलायच्या. तिचं नाव सांगा."

ती पुढे म्हणाली, "आगोगो दर फोनवर सांगायच्या, त्यांच्या भावानं त्यांची तिथली खोली तशीच ठेवली आहे. कुलूप आहे आणि किल्ली फक्त त्यांच्याजवळ. गेल्या महिन्यातही म्हणाल्या. म्हणून आम्हीही इथं तसंच केलं. भाऊ एकटा करतो, तर एवढ्या बायकांना जड आहे का?"

मी तिला सगळं सांगितलं. सही, साडी, कापूस, पडवी. माझं इंग्रजी मध्येच तुटत होतं. फोनमध्ये त्या सगळ्या बायका माझ्याकडे पाहत वाट बघत होत्या की मी एवढं काय बोलतो आहे. एलिनातीनं एकदा मागे वळून त्या बायकांकडे पाहिलं. मग म्हणाली, "हे मी यांना सांगणार नाही."

"का?"

"आगोगोंनी तीन वर्षं जे सांगितलं ते इथं सगळ्यांना पाठ आहे. बहिणीचा शब्द खोटा पडू द्यायचा नाही, हेच न्खोस्वेचं काम. नाव सांगा."

मी म्हणालो, वैशाली. तिनं वळून ते मोठ्यानं सांगितलं. बायकांनी ओंजळीसारखे हात करून टाळ्या वाजवल्या, हळू, एका लयीत. तिकडे मान देण्याची ती रीत आहे. त्यांच्या लेखी मी चांगला भाऊ होतो.

दुसऱ्या दिवशी मी योगेशला म्हणालो, कापूस काढ. तो म्हणाला, भाव पडलाय, पंधरा दिवस थांबा. मी स्वतः पाटी घेऊन आत शिरलो. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानंच ट्रॅक्टर मागे लावला. त्याला खोलीचंच वाईट वाटत होतं असं नाही. विहिरीकडची साडेतीन एकर मी वैशालीच्या नावे बक्षीसपत्रानं करतो आहे, तेही त्याला सांगितलं होतं. नंतर ट्रॉलीवर उभा असताना तो म्हणाला, "आत्यानी जमीन शे ना, मंग तुम्हीच ठरवा." आत्याची आहे, असं तो म्हणाला. मी एवढ्या वर्षांत तसं एकदाही म्हणालो नव्हतो.

कागद करायला त्याच कचेरीत गेलो. दस्तलेखक ओळखीचा. त्यानं विचारलं, "नाना, पोरीकडून लिहून घ्यायचं ना?" मी म्हणालो, नाही, पोरीला लिहून द्यायचं. त्यानं चष्म्यावरून पाहिलं आणि दुसरा कागद काढला.

खोली आता रिकामी आहे. चुना दिला तरी पोपड्यांत कापसाचे तंतू अडकलेले दिसतात, ते मी रोज थोडे थोडे काढतो. माळ्यावरची कॉट खाली आणली. वैशाली अखाजीला येते आहे. नरडाण्याहून नवं कुलूप आणलं, त्याबरोबर दोन किल्ल्या आल्या. दुकानदार म्हणाला, एक घरात ठेवा, असू द्यावी. दोन्ही वैशालीला देणार आहे.